प्रेसचा ठोका आणि बुशचं भाषण : मिनिस्ट्रीचा ‘साम ६९’ ऐकताना

बाजवाडेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. संगीत विभागात माझा हा पहिलाच धागा. आजवर इथे फक्त पाककृती वाचल्या आणि ‘स्कूटर कोणती घ्यावी’ छाप धाग्यांवर भांडलो. तेव्हा सांभाळून घ्या.

मी बडोद्याचा, जन्म बाजवाड्यातला. १९९१ पासून मकरपुरा जीआयडीसीत. पहिली सहा वर्षं पावर प्रेसवर, नंतर क्वालिटीत. डाव्या हाताच्या अनामिकेचं शेवटचं पेर नाही. १९९४ची दुसरी पाळी. कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

मुलगी फाइन आर्ट्सला शिल्पकला शिकते. गच्चीवर भंगारातले पत्रे आणून वेल्डिंग करते आणि ग्राइंडर चालवताना कानात हेडफोन घालते. खालचे काका दोनदा येऊन गेले, एकदा ग्राइंडरसाठी, एकदा पापड जळाले म्हणून. मागच्या महिन्यात तिने तो हेडफोन काढून माझ्या डोक्यावर ठेवला. ‘बाबा, हे ऐक, तुझ्या कामाचं आहे.’

आधी भोंग्यासारखा आवाज, मग गिटार. गिटार म्हणायचं म्हणून, नाहीतर ती करवत आहे. एकच तुकडा, परत तोच, परत तोच. आपण वाट बघतो की आता पुढे जाईल, आता चाल बदलेल. नाही बदलत. माझा उजवा पाय खाली हलायला लागला. ठेका वगैरे धरत नव्हतो हो, पायडल दाबत होतो. शीट सरकव, हात बाहेर, पायडल, ठोका. सत्तावीस वर्षं झाली मला प्रेस सोडून, पण पायाला माहीत होतं.

आणि मग त्या गोंगाटात एक माणूस बोलतो. इंग्रजी, शांत, टाय लावून बोलल्यासारखं. तीन शब्द. ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर.’ परत तेच. परत तेच. मी हेडफोन काढला आणि विचारलं, हा कोण? म्हणाली, थोरला बुश.

आता माहिती, जी नंतर तिने आणि मी मिळून काढली. मिनिस्ट्री हा शिकागोचा बँड, १९८१चा. कर्ताधर्ता अल यूर्गेन्सन, जन्माने क्यूबातला, हवानाचा. ‘साम ६९’ हा त्यांचा अल्बम जुलै १९९२चा, नऊ गाणी. मी ऐकलं ते पहिलं, ‘एन. डब्ल्यू. ओ.’, म्हणजे त्या तीन शब्दांची आद्याक्षरं. सद्दामने कुवेत घेतलं २ ऑगस्ट १९९०ला. ११ सप्टेंबरला बुश अमेरिकेच्या संसदेपुढे उभे राहिले आणि या नव्या जागतिक व्यवस्थेबद्दल बोलले. जानेवारीत बॉम्ब पडायला लागले. यूर्गेन्सनने त्या माणसाचा आवाज टेपवरून उचलला, कापला आणि गाण्यात खिळ्यासारखा ठोकला. स्वतः तोही ओरडतो, पण त्याचा आवाज इतका चिरडलेला आहे की एक शब्द कळत नाही. स्पष्ट ऐकू येतात ते फक्त राष्ट्राध्यक्ष.

मला हे कुठे लागलं ते सांगतो. माझे सख्खे मामा तेव्हा कुवेतमध्ये होते. गॅरेजात मेकॅनिक. १९९०च्या सप्टेंबरात परत आले ते एक रेक्झिनची बॅग घेऊन. बाकीचं सगळं, चौदा वर्षांचं, तिथेच. त्या साली मी आयटीआयला होतो, अठरा वर्षांचा. त्यांना घ्यायला मुंबईला आईबरोबर मी गेलो होतो.

तर प्रश्न असा. याला संगीत म्हणायचं का, आणि राजकारण म्हणायचं का? मी स्वतः दोन्हीला हो म्हणतोय, पण मला का ते नीट सांगता येत नाही. जाणकारांनी लिहावं.

(‘साम’ म्हणजे इंग्रजी बायबलातलं स्तोत्र. ६९ आकड्याचा दुसरा एक अर्थ आहे म्हणे. मुलीने सांगितला नाही, मी विचारला नाही.)

सुरसुरी

रुमाल टाकून ठेवतो. ‘साम’ वाचून सामवेदावरचा धागा समजून आलो होतो.

तानपुरा_बडोदा

धागाकर्ते, तुमचं लिखाण प्रामाणिक आहे म्हणून प्रामाणिकच उत्तर देतो. मी ते गाणं शोधून ऐकलं. दीड मिनिट. त्यापुढे झेपलं नाही.

ज्या गावात मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली, जिथे फैयाझ खाँसाहेब दरबारगायक होते आणि इथल्याच मातीत १९५० साली विसावले, त्या गावच्या माणसाने करवतीला संगीत म्हणावं? बरं, आवडनिवड सोडून देऊ. माझा मुद्दा दुसऱ्या प्रश्नावर आहे. तुम्हीच लिहिलंय की गायकाचा एक शब्द कळत नाही. मग राजकारण कसलं? शाहीर डफावर थाप मारतो, पण बोलायची वेळ आली की डफ खाली घेतो. का? कारण शब्द शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचायला हवा. अण्णाभाऊंची मैना घ्या. गावाकडे राहिलेली बायको आहे, आणि बघता बघता ती बेळगाव-कारवार होते. हमालालाही कळलं, आमदारालाही कळलं. हे तुमचं ‘साम’ कोणाला कळलं?

रिफ_रावपुरा

काका, दीड मिनिटात तर ख्यालाचा आलापही सुरू होत नाही 😀

बाजवाडेकर, कडक धागा. मी घडियाळी पोळेतला एकुलता एक मेटलवाला, असं माझं तरी मत होतं. थोडी भर घालतो.

तुमच्या बोटाचं वाचून टोनी आयोमी आठवला. ब्लॅक सॅबथचा गिटारिस्ट, बर्मिंगहॅमचा. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. बँडबरोबर परदेशी जायचं म्हणून नोकरी सोडत होता, तो शेवटचा दिवस. दुपारी घरी जेवायला आला तेव्हा परत जायचंच नाही म्हणत होता, आईने पाठवलं, घेतलेलं काम पुरं कर म्हणून. त्या दिवशी प्रेसवरचं नेहमीचं माणूस आलं नव्हतं, याला बसवलं. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. संपलं सगळं असं वाटलं. मग कारखान्यातल्याच साहेबाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. त्या जिप्सी गिटारिस्टची दोन बोटं आगीत निकामी झाली होती आणि तरी तो तसा वाजवायचा. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं. तारा हलक्या लावल्या, पुढे सूर खाली उतरवून तारा सैल केल्या. तो जो जड, खालून येणारा आवाज आहे ना, ज्याला जग मेटल म्हणतं, त्याच्या मुळाशी ही एक प्रेस आहे.

बाजवाडेकर

रिफ, हे माहीत नव्हतं. आत्ता जेवताना बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्याच्या आईचं काय झालं असेल. खरंच, मी बोटांपाशीच अडकलो होतो.

माझ्याही वेळी नेहमीचा माणूस आला नव्हता. सगळीकडे तसंच असतं बहुतेक.

गोरवा_लेथ

इथे सगळे भावुक होण्याआधी एका कामगाराचं ऐका.

मी लेथवर आणि नंतर फोर्ज शॉपला तेहतीस वर्षं काढली. निवृत्त झालो तेव्हा कानाची तपासणी केली. आलेखात चार हजार हर्ट्झपाशी विहीर पडल्यासारखी रेघ खाली गेलीय. गोंगाटात काम केलेल्या माणसाचा आलेख तिथेच खचतो असं डॉक्टरने सांगितलं. आपल्याकडे नियमात आठ तासांना ९० डेसिबल आहेत. कागदावर. कानात घालायचे बोळे मागितले तर स्टोअरवाला हसायचा. परिणाम काय, तर मला कुकरची शिट्टी मागच्या खोलीतून ऐकू येत नाही. स, श, फ नीट ऐकू येत नाहीत. नात ‘सशा’ची गोष्ट सांगते तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघून ओळखतो.

शिफ्ट संपवून घरी आलेल्या माणसाला प्रेसचा आवाज ऐकायची हौस नसते. ती हौस ज्याला प्रेसवर जावं लागत नाही त्याची. या गोऱ्या पोरांनी कारखाने बंद पडल्यावर कारखान्याची गाणी केली. आम्ही कारखाना चालू असताना लताबाई ऐकल्या. कोणाला कारखाना जास्त कळला?

पिपाणी

+१. शेवटची दोन वाक्यं फ्रेम करून लावावीत.

मांडवीतली_माती

गोरवा_लेथ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वाद घालायला धीर होत नाहीये, तरी घालते.

‘कारखाने बंद पडल्यावर’ हे अर्धंच खरं आहे. हा प्रकार ‘इंडस्ट्रियल’ या नावाने १९७६च्या आसपास इंग्लंडात सुरू झाला तो चित्रकला आणि नाट्यप्रयोग करणाऱ्या मंडळींकडून, हे मान्य. पण लंडनचा टेस्ट डिपार्टमेंट नावाचा गट बघा. भंगारातले पिंप, स्प्रिंगा, पाइप बडवायचे. १९८४-८५चा खाणकामगारांचा संप झाला तेव्हा या पोरांनी वेल्समधल्या संपावरच्या कामगारांच्या गायकवृंदाबरोबर रेकॉर्ड काढली. एका बाजूला चर्चमध्ये घोटलेले पुरुषी आवाज, दुसऱ्या बाजूला लोखंड. तिथे तरी गोंगाट करणारे आणि कामावरचे एकत्र होते.

पश्चिम बर्लिनमध्ये १९८० साली एक बँड निघाला, नावाचा अर्थच ‘कोसळणाऱ्या नव्या इमारती’. ड्रिल मशीन, पत्रे, बांधकामावरून आणलेलं काहीही. मी कॉलेजात असताना त्यांची एक कॅसेट वर्गात फिरत होती, मातीने माखलेली. सगळ्यांनी ऐकली आणि कोणालाच आवडली नाही, पण परत कोणी करेना.

तानपुरा काकांच्या प्रश्नाला माझं उत्तर : शब्द कळत नाहीत हेच तिथलं म्हणणं आहे. शाहिराला शब्द पोचवायचाय, कारण त्याला विश्वास आहे की शब्द पोचला की माणसं उठतील. मिनिस्ट्रीला तो विश्वास नाही. त्या गाण्यात स्पष्ट बोलायचा हक्क फक्त एकाच माणसाला आहे, बाकीच्यांचा आवाज चिरडलेला. मला तर तो कुवेतचा नकाशाच वाटतो.

तानपुरा_बडोदा

माती, युक्तिवाद चलाख आहे. पण असं म्हटलं तर न कळणाऱ्या प्रत्येक गोष्टीला ‘न कळणं हेच म्हणणं’ असं म्हणता येईल. माझ्या डॉक्टरच्या चिठ्ठीलाही.

मांडवीतली_माती

😀 हे मान्य.

चकलीताई

बाई गं, पॉपकॉर्न घेऊन बसलेय. मला यातलं काही कळत नाही पण पुढे लिहा.

नवाबाजार_७७

सगळे फार सुसंस्कृत चाललेत म्हणून मी थोडी राख टाकतो.

बुशला शिव्या घालणं आपल्याला स्वस्त पडतं. सात समुद्रापलीकडचा, तीस वर्षांपूर्वीचा, आता हयातही नसलेला माणूस. यूर्गेन्सनने ते गाणं केलं तेव्हा बुश गादीवर होता आणि हा त्याच देशात राहत होता. बाजवाडेकर, तुमच्या गच्चीवर बसून तुम्ही आपल्या एखाद्या पुढाऱ्याचं भाषण कापून असं करवतीत घालाल? इथे धागा काढाल त्याचा? नाही ना. मग हे ‘राजकीय संगीत ऐकणं’ म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात नाचणं.

साबरमती_एक्सप्रेस

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

सुलतानपुरा_सिंह

प्रकाटाआ. (वरच्याला उत्तर होतं, वरचाच गेला.)

संपादक

नवाबाजार_७७ यांचा प्रतिसाद ठेवला आहे, त्याखालचे काही उडवले आहेत. संगीताचा धागा आहे, निवडणुकीचा करू नये.

सुरसुरी

म्हणजे नवाबाजार यांचा मुद्दा संपादकांनीच सिद्ध करून दिला 🙏

बाजवाडेकर

नवाबाजार, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण उत्तर सुचलं नाही. अजूनही पुरतं सुचलेलं नाही.

नाही, मी नाही करणार. माझं घर भाड्याचं आहे, मुलगी शिकतेय, खालचे काका पापडावरून वर येतात. तुम्ही बोललात ते खरं आहे. फक्त ‘दुसऱ्याचं लग्न’ हे पटत नाही. कुवेतमधून तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीय परत आणावे लागले. बसने बगदाद, मग जॉर्डनची सीमा, अम्मान, तिथून एअर इंडिया. ४८८ उड्डाणं. मामा त्यातल्या एकात होते. तेव्हा लग्न दुसऱ्याचं असेल, पण मांडव आमच्या अंगावर पडला होता.

आणि धाडसाचं म्हणाल तर या गावाने एकेकाळी ते बघितलंय. १९११च्या दिल्ली दरबारात सयाजीरावांनी बादशहापुढे मोजकंच वाकून पाठ फिरवली, त्यावरून विलायतेतल्या पेपरांनी आकाशपाताळ एक केलं. अर्थात ते महाराज होते. मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे.

रिफ_रावपुरा

यूर्गेन्सनलाही उगाच हुतात्मा करायला नको. त्याला कोणी तुरुंगात टाकलं नाही. रेकॉर्ड मोठ्या कंपनीने काढली, अमेरिकेच्या यादीत २७व्या नंबरापर्यंत गेली, ग्रॅमीच्या नामांकनात ‘एन. डब्ल्यू. ओ.’ होतं. स्वतः हेरॉइनच्या पुरता आहारी गेलेला. दुसरं गाणं ‘जस्ट वन फिक्स’ त्यावरच आहे. आणि या बंडखोराचा १९८३चा पहिला अल्बम ऐका, गोड गोड सिंथ-पॉप, नाचायचं. कित्येक वर्षं तो त्याचं नाव काढलं तरी चिडायचा.

त्याची दुसरी खेप मला जास्त गमतीची वाटते. धाकटा बुश आला आणि याने ओळीने तीन अल्बम त्याच्यावर काढले, २००४, २००६, २००७. पहिल्यात पहिलं गाणं सोडून सगळ्या गाण्यांची नावं डब्ल्यूने सुरू होतात, कारण धाकट्याला त्याच्या मधल्या अक्षरावरून ‘डब्ल्या’ म्हणायचे. आणि ते जे एक गाणं डब्ल्यूने सुरू होत नाही, त्याचं नाव ‘नो डब्ल्यू’. अल्बम आला जूनमध्ये, नोव्हेंबरात निवडणूक, बुश जिंकला.

पण खरं सांगू? ते तीन अल्बम आज ऐकले की जुना पेपर उघडल्यासारखं होतं. राग आहे, वेग आहे, पहिल्या दोनांत गिटार तर माइक स्काचाची, काय बोलावं, हा माणूस २०१२ साली स्टेजवर वाजवता वाजवताच गेला. तरी शिळं वाटतं. ‘साम ६९’ शिळा वाटत नाही. का ते मला आजवर कळलेलं नाही.

मांडवीतली_माती

कारण त्या तिन्हीत तो बुशबद्दल बोलतोय. ‘साम ६९’मध्ये बुश बोलतोय.

आणि एका माणसाबद्दल किती दिवस बोलणार? ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ हे तीन शब्द मात्र कोणाच्याही तोंडी घालता येतात. कापून, सुटे करून ठेवलेत त्याने. ग्राइंडरचं पातं बदलावं तसा बोलणारा बदलायचा.

एक धोका मात्र लिहून ठेवते. राजाची नक्कल करून राजाला उघडं पाडायचं, हा खेळ दुधारी असतो. स्लोव्हेनियातल्या एका खाणीच्या गावात १९८० साली लाइबाख हा बँड निघाला, नाव राजधानी ल्युब्लियानाचंच, पण जर्मन. गणवेश, बूट, मुठी, हुकूमशहाच्या सभेसारखं संगीत. चेष्टा आहे की खरंच आहे ते कधीच सांगत नाहीत. त्यांच्याच राजधानीत काही वर्षं त्यांना ते नाव वापरून कार्यक्रम करायला बंदी होती. आणि हेच लोक २०१५ साली प्योंगयांगला जाऊन वाजवून आले! समोर बसलेल्यांना चेष्टा कळली का, की त्यांना घरच्यासारखं वाटलं? मी आमच्या मुलांना हा प्रश्न विचारते तेव्हा वर्ग दोन्ही बाजूंनी भांडतो.

तानपुरा_बडोदा

धागाकर्त्यांच्या आग्रहाखातर पूर्ण अल्बम ऐकला. म्हणजे चव्वेचाळीस मिनिटं. दोन बैठकींत, मध्ये चहा.

मत बदललेलं नाही. पण एक नोंद करतो. सहावं गाणं, ‘स्केअरक्रो’, बुजगावणं. आठ मिनिटांचं, बाकीच्यांच्या मानाने अतिशय विलंबित. तिथे प्रथमच मला लय दिसली. ठोका पडतो, आणि पुढचा पडायच्या आधी एवढी जागा आहे की माणूस धास्तावतो. विलंबितात समेची वाट बघताना जे होतं त्याच्याच घरातलं आहे, फक्त तिथे सम आल्यावर सुटका होते, इथे होत नाही. या माणसाला तालाची समज आहे. गळ्याची नाही.

अण्णाभाऊंबद्दल मी जे म्हटलं त्यावर ठाम आहे. जाता जाता, संयुक्त महाराष्ट्राच्या त्या मैनेच्या हिशेबात आपण बडोदेकर नव्हतोच. १९४९ला संस्थान मुंबई राज्यात गेलं, १९६०ला गुजरातेत. आपल्यावर कोणी छक्कड लिहिली नाही. असो.

गोरवा_लेथ

तानपुरा साहेब, सम आल्यावर सुटका होते म्हणालात ते बरोबर. फोर्जच्या हॅमरला सुटका नसते. हॅमर वर जातो आणि तिथे थांबतो, किंचित. नव्या पोराला वाटतं आता बंद पडला. जुना माणूस त्या थांबण्यातच श्वास घेतो.

नातीने मला ते बुजगावणं ऐकवलं. हेडफोनवर, मोठ्याने. मला वाटलं होतं त्रास होईल. झालं असं की माझ्या कानात जे उरलंय तेवढंच त्या गाण्यात आहे. सगळं खालचं. स-श-फची गरजच पडली नाही. नातीला म्हटलं, पहिल्यांदा मी आणि तू सारखंच ऐकतोय. ती म्हणाली, आजोबा, मला तर काहीच कळलं नाही. मी म्हटलं, तेच म्हणतोय.

लताबाईंबद्दलचं वाक्य मागे घेत नाही.

चकलीताई

आजोबा 😭😭

रिफ_रावपुरा

लेथकाका, बुजगावणं झालं, आता ‘कोरोजन’ ऐका. गंज. तुमच्या शॉपचं वाटेल.

गोरवा_लेथ

गंज घरी भरपूर आहे.

बाजवाडेकर

मंडळी, थोडं सांगायचं आहे, मग धागा तुमचा.

परवा मामांकडे गेलो होतो, सुभानपुऱ्याला. वय अठ्ठ्याहत्तर, तब्येत ठीक, टीव्ही दिवसभर. हे सगळं डोक्यात होतं म्हणून विचारलं, मामा, कुवेतच्या वेळचं एक गाणं आहे, ऐकता का? त्यांना वाटलं हिंदी असेल. मामी म्हणाली, अरे त्यांना आता कशाला ते. मामा म्हणाले, लाव रे.

फोनवरच लावलं, सेव उसळीची प्लेट बाजूला सारून. पहिला भोंगा वाजला तसे ते सरळ बसले. बुश आला तेव्हा त्यांच्या तोंडावर काही नाही. मी तिसऱ्यांदा तो आला की त्यांच्याकडे बघत होतो, आता काहीतरी बोलतील म्हणून. गाणं संपल्यावर म्हणाले, ‘सायरन खोटा आहे.’

मी म्हटलं, म्हणजे?

‘आमच्याकडे वाजलाच नाही. पहाटे नमाजाच्या आधी दूर काहीतरी धडधडलं, मला वाटलं मालकाने रविवारचा ट्रक गुरुवारी पाठवला. खाली उतरलो तर रणगाडा. त्यावरचं पोरगं तुझ्याहून लहान. त्याने माझ्याकडे पाणी मागितलं.’

दिलंत?

‘मग काय करणार? ऑगस्ट होता.’

पस्तीस वर्षांत हे आम्हाला माहीत नव्हतं. मामी पण बघत राहिली. बुशबद्दल विचारलं तर म्हणाले, तो जे काय बोलला तेव्हा आम्ही जॉर्डनला वाळूत तंबूत होतो, पावाच्या रांगेत. रांग मोठी होती. एवढंच.

मग म्हणाले, दुसरं काय आहे यात? मी बुजगावणं लावलं, तानपुरा साहेबांचं ऐकून. मामा डोळे मिटून ऐकत होते. तिसऱ्या मिनिटाला घोरायला लागले. मामीने टीव्ही बंद केला, म्हणाली कित्येक महिन्यांनी दुपारचे झोपलेत, ते काय आहे ते माझ्या फोनवर टाकून जा.

तानपुरा_बडोदा

विलंबित आहे, म्हटलं होतं मी.

सुरसुरी

म्हणजे शेवटी अंगाई निघाली. रुमाल उचलतो.